नामवंत नट-लेखकांच्या पत्रिका वाचताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नामवंतांच्या पत्रिका अभ्यासाला घेणारे बहुतेक जण थेट योगांवर (ग्रहांच्या ठरावीक मांडण्यांवर) जातात. मीही कित्येक वर्षं तेच केलं. आता माझा क्रम उलटा झाला आहे. आधी जन्मवेळ कुठून आली ते पाहतो, मग लग्न (विवाह नव्हे, जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवणारी रास), आणि योग सगळ्यात शेवटी. खालची उत्तरं या क्रमाचा आग्रह धरूनच लिहिली आहेत.

अभ्यासासाठी प्रसिद्ध माणसाचीच पत्रिका का घ्यायची? घरच्यांची का नाही?

कारण प्रसिद्ध माणसाच्या आयुष्यातल्या तारखा पडताळता येतात. पहिलं पुस्तक कधी आलं, विवाह कधी झाला, अपघात कधी झाला, मृत्यू कधी झाला, हे सगळं नोंदलेलं असतं. घरातल्या माणसांच्या बाबतीत आपण आठवणीवर विसंबतो, आणि दशेला (आयुष्याचा कोणता काळ कोणत्या ग्रहाचा, या हिशोबाला) सोयीची पडेल अशा बाजूला आठवण नकळत सरकते.

यात एक मोठा धोकाही आहे. आयुष्य आधी ठाऊक असतं, त्यामुळे पत्रिकेत ते सापडणारच. बारा भाव (पत्रिकेतली घरं, म्हणजेच स्थानं), नऊ ग्रह, दृष्टी, युती, नवमांश (राशीचा नववा भाग), दशा एवढा पसारा हाताशी असला की कुठल्याही घटनेला कारण मिळतं. नामवंतांच्या पत्रिकांनी शिकता येतं, तसंच स्वतःला फसवताही येतं. खालचे अर्धे प्रश्न या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहेत.

पुस्तकात किंवा इंटरनेटवर दिलेली जन्मवेळ खरी मानायची का?

ती कुठून आली ते कळेपर्यंत नाही.

फ्रान्समध्ये जन्माच्या सरकारी नोंदीतच वेळ लिहितात. स्कॉटलंडमध्ये १८५५पासून लिहितात. इंग्लंडमध्ये मात्र साधारणपणे जुळ्या-तिळ्यांच्याच दाखल्यावर वेळ असते. म्हणून एडिंबरामध्ये जन्मलेल्या शॉन कॉनरीची वेळ नोंदीतून मिळते, आणि लंडनच्या बहुतेक नटांची मिळत नाही. आपल्याकडच्या जन्मदाखल्यावर सहसा वेळ नसते. ती घरच्या टिपणावरून, आईच्या सांगण्यावरून किंवा ज्योतिषाने केलेल्या पत्रिकेवरून येते.

अमेरिकेतल्या लुइस रॉडेन या अभ्यासक बाईंनी यासाठी एक सोपी प्रतवारी रुजवली. जन्माच्या वेळच्या लेखी नोंदीवरून घेतलेली वेळ ‘एए’, त्या व्यक्तीच्या किंवा घरच्यांच्या आठवणीतली ‘ए’, चरित्रातून घेतलेली ‘बी’, स्रोतच न दिलेली ‘सी’, आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या वेळा असतील तर ‘डीडी’. माझ्या वहीत प्रत्येक पत्रिकेच्या कोपऱ्यात ही अक्षरं असतात. ‘सी’ आणि ‘डीडी’ पत्रिकांवरून मी कोणताही नियम शिकत नाही.

या चाळणीतून मोठमोठी नावं गळतात. चार्ली चॅप्लिनचा जन्म १६ एप्रिल १८८९चा मानतात, पण त्याच्या जन्माची अधिकृत नोंद आजवर सापडलेली नाही. शेक्सपिअरची तर वेळ सोडा, जन्मतारीखही नोंदलेली नाही. नोंद आहे ती २६ एप्रिल १५६४च्या बाप्तिस्म्याची, आणि २३ एप्रिल हा जन्मदिन प्रथेने ठरलेला आहे. तरीही दोघांच्या जन्मलग्नासकट पत्रिका छापलेल्या सापडतात.

निदान जन्मतारीख तरी पक्की असते ना?

नेहमी नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकला, असं आपल्याकडे एका पिढीत सर्रास झालं. त्या पिढीतल्या कोणाचीही १ जून ही जन्मतारीख दिसली की दुसरा पुरावा शोधावा. पडद्यावरच्या कलाकारांनी वय कमी सांगण्याची चालही जुनीच आहे.

जुन्या रशियन लेखकांची अडचण वेगळी. रशियात तेव्हा जुनी, ज्युलियन दिनदर्शिका होती. टॉलस्टॉयचा जन्म तिथल्या तारखेने २८ ऑगस्ट १८२८चा, आजच्या तारखेने ९ सप्टेंबरचा. बारा दिवसांनी रवी सिंहेतून बाहेर जात नाही, त्यामुळे चूक झाली तरी नुसत्या रवीवरून ती कळत नाही. चंद्र मात्र तेवढ्यात पाच राशी पुढे जातो. मग नक्षत्र चुकतं, आणि दशाही चुकतात.

आणखी एक, आपल्या परंपरेतली गोष्ट. पंचांगाचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत असतो. पहाटे तीनला जन्मलेल्या मुलाच्या टिपणावर आदल्या दिवसाचा वार असतो आणि इंग्रजी तारीख मात्र पुढची. जुन्या टिपणावरून तारीख काढताना इथे हटकून चूक होते.

घड्याळात दाखवलेली वेळ तशीच सॉफ्टवेअरमध्ये टाकायची का?

जुन्या जन्मांसाठी नाही. या एका चुकीने जितक्या पत्रिका बिघडल्या असतील तितक्या दुसऱ्या कशाने बिघडल्या नसतील, म्हणून इथे जरा थांबतो.

भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ला लागू झाली, पण मुंबईने आपली ‘बॉम्बे टाइम’ १९५५पर्यंत चालू ठेवली. ती प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. कलकत्त्याची वेळ १९४८पर्यंत वेगळी होती, सुमारे २४ मिनिटं पुढे. पु. ल. देशपांडे ८ नोव्हेंबर १९१९ला मुंबईत जन्मले. त्यांच्या किंवा त्या काळी मुंबईत जन्मलेल्या कोणाच्याही जन्माची वेळ हाती आली, तर पहिला प्रश्न हाच की ती कोणत्या घड्याळातली? ३९ मिनिटांत लग्न साधारण दहा अंश सरकतं. म्हणजे तीन नवमांश.

त्यावर युद्धकाळाची भर. दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात भारतातली घड्याळं एक तास पुढे केलेली होती. आता अमिताभ बच्चन यांची पत्रिका घ्या. ११ ऑक्टोबर १९४२, अलाहाबाद, आणि सगळीकडे फिरते ती वेळ दुपारी ४. तारीख नेमकी युद्धकाळातली आहे. चार ही प्रमाणवेळ धरली तर कुंभ लग्न येतं, राशीच्या बऱ्याच आतलं. ती युद्धकाळातल्या घड्याळाची वेळ असेल तर प्रमाणवेळ दुपारचे ३ होते, आणि लग्न मकर-कुंभेच्या सीमेवर येऊन उभं राहतं.

याने काय बिघडतं? या पत्रिकेत रवी, मंगळ, बुध आणि शुक्र असे चार ग्रह कन्येत आहेत. कुंभ लग्नाला ते अष्टमात (आठव्या, मृत्यू-संकटाच्या मानलेल्या स्थानात) येतात, मकर लग्नाला नवमात, म्हणजे भाग्यस्थानात. २६ जुलै १९८२च्या चित्रीकरणातल्या अपघाताचं स्पष्टीकरण देताना सगळे अष्टमातल्या याच चार ग्रहांकडे बोट दाखवतात. लग्न मकर निघालं तर तेच ग्रह भाग्यस्थानात जातात आणि सगळं विवेचन कोसळतं. माझ्या वहीत ही पत्रिका तीन वर्षं कुंभ लग्नाची होती आणि तिच्यावर मी चार पानं लिहिली होती. युद्धकाळाचा तास लक्षात आल्यावर ती पानं मी रद्द केली.

त्यातून जे उरलं तेही महत्त्वाचं आहे. चंद्र तुळेत, स्वाती नक्षत्रात, हे दोन्ही वेळांना सारखंच राहतं. त्यामुळे जन्म राहूच्या दशेत होतो, आणि १९७२च्या आसपास शनीची महादशा लागते. एका तासाने चंद्र अर्धा अंश सरकतो, म्हणजे दशेच्या आरंभात सुमारे आठ महिन्यांचा फरक पडतो. लग्न मकर असो की कुंभ, शनी लग्नेशच (लग्नराशीचा स्वामी). १९७३पासून त्यांची चढती सुरू झाली, याची सांगड या दशेशी घालणारे दोन्ही लग्नांवर घालू शकतात. वेळेची शंका असेल तेव्हा असेच मुद्दे शोधावेत, जे दोन्ही शक्यतांमध्ये टिकतात.

पत्रिकेच्या चौकटीतले आकडे म्हणजे स्थानं का?

नाही, ते राशींचे क्रमांक. वरच्या मधल्या घरात ११ लिहिलं असेल तर लग्न कुंभ. तिथून डावीकडून उतरत स्थानं मोजायची.

याच वेळी एक साधा ताळा करून घ्यावा. सूर्योदयाला जन्म असेल तर रवी लग्नाजवळ, भर दुपारी दशमाजवळ, सूर्यास्ताला सप्तमाजवळ आणि मध्यरात्री चतुर्थाजवळ हवा. दुपारी चारचा जन्म आणि रवी तिसऱ्यात, असं दिसलं तर सकाळ-संध्याकाळची गल्लत झालेली असते.

पाश्चात्य संकेतस्थळावर त्याच नटाची रास वेगळी का दिसते?

ते सायन पद्धतीने, म्हणजे वसंत संपातापासून राशी मोजतात, आपण निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या आधारे. दोन्हींतलं अंतर म्हणजे अयनांश. चित्रापक्षाप्रमाणे, ज्याला बहुतेक जण लाहिरी अयनांश म्हणतात, ते २०००च्या सुमारास २३ अंश ५१ कला होते. म्हणजे बहुतेक ग्रह आपल्याकडे एक रास मागे दिसतात. तिथला ‘सिंह लग्न’ उचलून आपल्या नियमांनी वाचू नये, एवढं पथ्य पाळावं. एकाच वहीत दोन अयनांशही मिसळू नयेत.

नटाच्या आणि लेखकाच्या पत्रिकेत परंपरा काय पाहायला सांगते?

लेखकासाठी तृतीय स्थान, म्हणजे हात, लेखणी आणि पराक्रम. वाणीसाठी द्वितीय. कल्पनेसाठी पंचम. ग्रहांत बुध शब्दांचा, चंद्र मनाचा, गुरू ज्ञानाचा. नटासाठीही पंचम, त्याच्या जोडीला शुक्र, आणि लोकांच्या डोळ्यांसमोर येण्यासाठी दशम. चंद्राला जनतेचा कारक मानतात, म्हणून लोकप्रियतेसाठी तोही पाहतात. राहूकडे पडद्याचं, भासाचं क्षेत्र देण्याची रीत अलीकडची. जुन्या ग्रंथांत सिनेमा असणं शक्य नव्हतं, तेव्हा ही जोडणी आजच्या अभ्यासकांची आहे हे लक्षात ठेवावं.

नट आणि लेखक यांच्या यादीत किती गोष्टी सारख्या आहेत पाहा. त्यामुळे नुसत्या पत्रिकेवरून ‘हा नट, हा लेखक’ असा निवाडा मला कधी जमलेला नाही, आणि सहज जमतो म्हणणाऱ्यांनी तो नाव झाकून करून दाखवावा असं मला वाटतं.

एखादी भरवशाची पत्रिका घेऊन दाखवाल का?

मेरिलिन मन्रो. १ जून १९२६, सकाळी ९.३०, लॉस एंजेलिस. वेळ जन्मदाखल्यावरची, प्रत ‘एए’. म्हणून शिकणाऱ्याला मी ही पहिली देतो.

निरयन लग्न कर्क. दशमात मेषेचा शुक्र. रवी आणि बुध वृषभेत, लाभस्थानी (अकराव्यात). लग्नेश चंद्र सप्तमात मकरेत. अष्टमात कुंभेचे मंगळ आणि गुरू. चतुर्थात तुळेचा शनी, उच्चीचा (ग्रह सर्वात बलवान मानतात त्या राशीतला).

दशमातला शुक्र पाहून सगळे खूश होतात. मला जास्त शिकवलं ते चतुर्थातल्या शनीने. चतुर्थ म्हणजे आई आणि घर. आईचं मानसिक आजारपण, परक्यांच्या घरी आणि अनाथालयात गेलेलं बालपण हे सर्वांना ठाऊक आहे. शनी इथे उच्चीचा आहे, आणि ‘उच्चीचा ग्रह म्हणजे शुभ फळ’ असं पाठ केलेला विद्यार्थी नेमका इथे अडतो. परंपरेचं उत्तर असं की उच्चत्व ग्रहाला बळ देतं. ते बळ कशासाठी खर्च होणार ते त्याच्या मालकीवरून ठरतं. कर्क लग्नाला शनी सप्तमाचा आणि अष्टमाचा स्वामी.

दशा पाहा. चंद्र धनिष्ठेत, म्हणून जन्म मंगळाच्या दशेत. मग राहूची अठरा वर्षं, आणि १९४९च्या अखेरीस गुरूची महादशा. १९५०पासून तिच्याकडे लक्ष जायला लागलं आणि १९५३पर्यंत ती तारका झाली होती. गुरू भाग्येश (नवमाचा स्वामी), म्हणून हे जुळतं असं म्हणता येतं. पण तोच गुरू षष्ठेशही (सहाव्याचा स्वामीही) आहे, अष्टमात आहे, आणि ऑगस्ट १९६२मधला तिचा मृत्यू याच महादशेतला आहे. एकाच दशेत कीर्ती आणि अंत. ‘गुरूची दशा चांगली’ किंवा ‘अष्टमातला ग्रह वाईट’ अशी एकच ओळ ही पत्रिका वाचायला पुरत नाही.

आता प्रामाणिकपणाची बाजू. हे सगळं मी आयुष्य माहीत असताना लिहिलं. १९२६ साली ही पत्रिका हातात आली असती तर मी यातलं किती सांगितलं असतं? फारच थोडं.

जन्मवेळ अजिबात नसेल तर पत्रिका टाकून द्यायची का?

नाही. लग्न आणि भाव सोडायचे, राशी ठेवायच्या. चंद्र एका राशीत सुमारे सव्वादोन दिवस असतो, बाकी ग्रह त्याहून बरेच जास्त.

रवींद्रनाथ टागोरांची पत्रिका याचा सुंदर दाखला आहे. जन्म ७ मे १८६१, कलकत्ता, सूर्योदयापूर्वी. चंद्र मीनेत, म्हणजे गुरूच्या राशीत. गुरू कर्केत, म्हणजे चंद्राच्या राशीत आणि शिवाय उच्चीचा. हा परिवर्तन योग दिवसावरूनच मिळतो, तासा-दोन तासांनी तो जात नाही. रवी मेषेत, तोही उच्च राशीत. मीन लग्न मान्य केलं तर हेच परिवर्तन लग्नेश आणि पंचमेशाचं होतं आणि अर्थ आणखी गहिरा होतो. पण मी विद्यार्थ्यांना आधी लग्नाशिवाय वाचायला सांगतो. मन आणि ज्ञान यांनी एकमेकांची घरं घेतली, एवढ्यावरच एक अख्खी संध्याकाळ बोलता येतं.

अमक्या लेखकाच्या पत्रिकेत गजकेसरी आणि बुधादित्य दोन्ही आहेत. म्हणून तो मोठा झाला का?

आधी हे योग किती जणांना असतात ते मोजा. चंद्रापासून केंद्रात (पहिल्या, चौथ्या, सातव्या किंवा दहाव्या राशीत) गुरू असला की गजकेसरी. रवी आणि बुध एकाच राशीत असले की बुधादित्य. बारा राशींपैकी चार राशी केंद्रात येतात, म्हणजे ढोबळमानाने दर तीन माणसांत एकाला हा योग असतो. बुध रवीपासून २८ अंशांपलीकडे जाऊच शकत नाही, त्यामुळे बुधादित्य तर पावलोपावली. लेखकाकडे हे योग सापडणं ही बातमी नव्हे. न लिहिणाऱ्यांपेक्षा लिहिणाऱ्यांत ते जास्त सापडले तर ती बातमी.

आणि उलट बाजूही बघा. आठ नोव्हेंबरला रवी तुळेत, नीच (तो सर्वात दुबळा मानतात त्या) राशीत असतो. पुलंचा रवी नीच. त्यांच्या तेजाविषयी मराठी माणसाला कोणी सांगायची गरज आहे का? लगेच कोणीतरी नीचभंग (नीचपणा रद्द करणारा योग) काढतं. नीचभंगाचे नियम परंपरेत आहेत, त्यांना माझा विरोध नाही. पण हा नियम मोठ्या माणसांनाच लावायचा आणि सामान्य माणसाच्या पत्रिकेत ‘रवी नीच’ म्हणून मान हलवायची, हा अन्याय मला सहन होत नाही.

जन्मवेळ शुद्धीकरण (आयुष्यातल्या घटनांवरून वेळ मागे मोजून ठरवणं) करून घेतलं तर?

नवमांश साधारण तेरा मिनिटांत बदलतो, षष्ट्यंश (राशीचा साठावा भाग) दोन मिनिटांत. इतक्या बारीक कुंड्या वापरायच्या तर शुद्धीकरणाचा मोह होणारच. नामवंतांच्या बाबतीत त्यात एक चक्र तयार होतं. विवाह, पुरस्कार, मृत्यू यांवरून वेळ ठरवायची, आणि मग त्या वेळेच्या पत्रिकेत विवाह, पुरस्कार, मृत्यू कसे अचूक दिसतात ते दाखवायचं. ज्या घटना वेळ ठरवताना वापरल्या, त्या पुरावा म्हणून पुन्हा वापरू नयेत. शुद्ध केलेल्या वेळेपुढे मी तसं स्पष्ट लिहितो.

शास्त्रीय कसोट्यांमध्ये हे टिकलं आहे का?

पत्रिकेवरून व्यक्ती ओळखण्याची कसोटी महाराष्ट्रातच झाली आहे. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनशे मुलांच्या पत्रिका घेतल्या, शंभर हुशार आणि शंभर मतिमंद. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका तपासल्या. बरोबर उत्तरांचं प्रमाण सुमारे ४६ टक्के आलं. नाणं उडवूनही तेवढं येतं. हा निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. तो दडवून ज्योतिष शिकवणं मला पटत नाही.

आपल्या विषयाच्या अगदी जवळचं काम फ्रान्सच्या मिशेल गोकलँ यांचं. जन्मवेळेच्या सरकारी नोंदी हाताशी असल्यामुळे त्यांना हजारो नामवंतांचा अभ्यास करता आला. १९५५पासून त्यांनी मांडलं की नटांच्या जन्मी गुरू, लेखकांच्या जन्मी चंद्र आणि खेळाडूंच्या जन्मी मंगळ नुकताच उगवलेला किंवा माथ्यावरून नुकताच ढळलेला असण्याचं प्रमाण किंचित जास्त आहे. राशींना मात्र त्यांना कसलाही आधार मिळाला नाही. मंगळाच्या निष्कर्षावर तर दशकानुदशकं वाद झाला आणि शास्त्रज्ञांनी तो स्वीकारलेला नाही.

मला यात थबकायला होतं ते एका गोष्टीशी. नुकताच उगवलेला ग्रह आपल्या मोजणीत व्ययस्थानात (बाराव्यात) पडतो, आणि माथ्यावरून ढळलेला नवमात. गोकलँ यांचे आकडे खरे धरले तरी ‘लग्नी गुरू, दशमी चंद्र’ या आपल्या वचनांना त्यातून दुजोरा मिळत नाही. त्यांचं नाव घेऊन ‘विज्ञानाने ज्योतिष सिद्ध केलं’ म्हणणाऱ्यांनी त्यांचं म्हणणं वाचलेलं नसतं.

मग मी हा अभ्यास का करतो? एका माणसाच्या आयुष्याकडे इतक्या बारकाईने, इतका वेळ बघायला लावणारी दुसरी भाषा मला मिळाली नाही म्हणून. पण या भाषेत बोलून मी कोणाचं लग्न मोडणार नाही, की कोणाचा औषधोपचार थांबवणार नाही.

हयात कलाकारांचं भविष्य सांगावं का?

सांगू नये. मृत्यू, आजार, घटस्फोट, संतती यांवर तर मुळीच नाही. त्यांनी तुम्हाला विचारलेलं नाही. झालेल्या, जाहीर घटनांपुरता अभ्यास ठेवावा.

माझी पत्रिका एका मोठ्या लेखकासारखी आहे. मीही लेखक होईन का?

त्या लेखकाच्याच दिवशी, त्याच गावात, त्याच दोन तासांत इतरही मुलं जन्मली होती. त्यांची जन्मलग्नं आणि राशी जवळजवळ तीच. त्यांतली बहुतेक लेखक झाली नाहीत. लिहायचं असेल तर पत्रिकेचं कारण नको.

सराव कसा करावा?

एका मित्राला दहा पत्रिका काढायला सांगा, सगळ्या ‘एए’ किंवा ‘ए’ प्रतीच्या. तीन नट, तीन लेखक, चार भलत्याच क्षेत्रातले. नावं आणि जन्मसाल झाकलेलं हवं. साल झाकलं तरी शनी-गुरूवरून ते काढता येतं, तो मोह टाळा. प्रत्येकीवर पाच ओळी लिहा, पेनाने, आणि तारीख टाका. ‘कलेची आवड’ असली सगळ्यांना लागू पडणारी वाक्यं खोडून टाका. ‘आई लवकर दुरावली’, ‘पहिलं यश तिशीनंतर’ अशी खोटी ठरू शकतील अशी वाक्यं ठेवा. मग नावं उघडा आणि बरोबर-चूक दोन्ही मोजा. पुढच्या महिन्यात नव्या दहा घ्या, आणि जुन्या वहीतले चुकलेले अंदाज खोडू नका.